मुखशोष व मुखदुर्गंधी

तोंडातील लाळ नेहमीपेक्षा कमी होऊन जीभ, गाल व घसा कोरडे पडणे याला मुखशोष आणि बोलताना वा श्वास सोडताना तोंडावाटे घाण वास येणे याला मुखदुर्गंधी म्हणतात. बोलीभाषेत पहिल्या अवस्थेला ‘तोंडाला कोरड पडणे’ व दुसरीला ‘तोंडाला वास येणे’ असे म्हणतात. हे स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या कारणांनी उद्‌भवणारी लक्षणे आहेत. दोहोंचा संबंध निकटचा आहे; कारण तोंड धुऊन काढण्याचे काम अहोरात्र लाळच करीत असते व ती आटली म्हणजे तोंडातील सूक्ष्मजंतूंना मोकळे रान मिळते. मात्र प्रत्येक मुखशोषात दुर्गंधी असतेच असे नाही आणि लाळ भरपूर असूनही केवळ हिरड्यांच्या रोगामुळे वास येऊ शकतो.

लोकांत रूढ असलेले बहुतेक उपाय वास झाकण्याचे आहेत. लवंग, वेलदोडा, बडीशेप यांसारख्या पदार्थांनी तो घटकाभर झाकला जातो व त्यात अपायही नाही. परंतु हेच काम मशेरी, तंबाखू किंवा सुगंधी सुपारी यांकडून करून घेतले जाते तेव्हा उपायच रोगाचे कारण बनतो. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक परिसरात उष्णतेचे काम, रात्रपाळी आणि तंबाखूची सवय या तिन्ही गोष्टी एकत्र येत असल्याने या लक्षणांच्या विवेचनास तो परिसर विशेष सोयीचा आहे.

लाळ व तिचे कार्य : कानापुढील अनुकर्ण, जबड्याखालील अधोहनू व जिभेखालील अधोजिव्ह अशा लाला ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरातील शेकडो सूक्ष्म ग्रंथी मिळून प्रौढ व्यक्तीत दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. तिच्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणी असते. पण उरलेला अल्प अंश फार मोलाचा आहे. त्यातील बायकार्बोनेट अम्लता कमी करते, कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या कवचाची झीज भरून काढतात, म्यूसीन हे बुळबुळीत प्रथिन अस्तर ओले ठेवते आणि लायसोझाइमासारखी द्रव्ये सूक्ष्मजंतूंना आवर घालतात. काही न खाता स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ०·३ ते ०·४ मिलि. लाळ स्रवते, हे प्रमाण ०·१ मिलि.च्या खाली गेले तर ती निश्चितपणे अपुरी समजतात. काहींना लाळेचे प्रमाण पुरेसे असूनही कोरड जाणवते, कारण तिचा चिकटपणा वाढलेला असतो.

लालास्रावाचे नियंत्रण स्वायत्त तंत्रिका तंत्राकडे (मज्जासंस्थेकडे) असते. परानुकंपी तंत्रिकांच्या चेतनेने पातळ व भरपूर लाळ सुटते, तर अनुकंपी तंत्रिकांच्या प्रभावाखाली ती थोडी व दाट असते. भीतीने तोंडाला कोरड पडते ती यामुळेच. प्राचीन भारतीय धर्मशास्त्रात सांगितलेल्या दिव्यांपैकी तांदुळाच्या दिव्यात संशयिताला तांदूळ चावायला देत. त्यामागे हीच गोष्ट असावी असे मानले जाते. निरपराध पण भित्र्या माणसाची त्यात काय गत होत असेल, हे सांगावयास नको.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यामुळे सकाळी उठल्यावर निरोगी माणसाच्या तोंडालाही वास येतो. तोंड धुऊन न्याहारी केली की तो जातो व त्यासाठी औषधाची गरज नसते.

मुखशोषाची कारणे : शरीरातील पाणी कमी होणे हे सर्वांत साधे कारण होय. ताप, जुलाब, वांत्या व अतिघर्म यांत ते घडते. अनियंत्रित मधुमेहात वारंवार लघवी होऊन पाणी घटते; सतत तहान व कोरड ही त्याची पहिली ठळक लक्षणे असू शकतात. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेण्याची सवय लागली, तर लाळ पुरेशी असूनही तोंड वाळते.

प्रौढ व वृद्ध व्यक्तींत औषधे हे फार मोठे कारण आहे. सर्दी व ॲलर्जी यांवरील अनेक जुन्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन व त्याच्या वर्गातील विषादरोधके, पोटातील कळ थांबवणारी काही औषधे आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी मूत्रल औषधे यांनी कोरड पडते. एकाच वेळी तीनचार औषधे चालू असलेल्या वृद्धात ती बहुधा असतेच. ‘वय झाले म्हणून तोंड कोरडे’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे बरोबर नाही. केवळ वयामुळे निरोगी ग्रंथींचे काम इतके मंदावत नाही. डोके व मान यांच्या कर्करोगासाठी प्रारणोपचार घेतलेल्यांत ग्रंथींचा कायमचा नाश होऊ शकतो. ज्या रोगात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच लाला व अश्रू ग्रंथींवर हल्ला करते, त्याला स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक शग्रेन यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन १९३३ मध्ये केले. मध्यमवयीन स्त्रियांत तो अधिक आढळतो. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडून चुरचुरत असतील, तर हा रोग ध्यानात घ्यावा लागतो.

दुर्गंधीची उत्पत्ती : दुर्गंधीचा उगम पोटात असतो, अशी समजूत फार पसरलेली आहे व तिच्यापोटी रेचके, चूर्णे आणि पाचके यांवर पुष्कळ पैसा खर्च होतो. वस्तुतः अन्ननलिका एरवी मिटलेली असते आणि ढेकर वा आम्लपित्ताचा उलट प्रवाह सोडल्यास जठरातील वायू तोंडात येत नाही. दीर्घकालीन दुर्गंधीच्या दहांपैकी आठनऊ रुग्णांत कारण तोंडातच सापडते. जिभेचा मागील भाग खडबडीत असून त्यावर अन्नाचे कण, गळालेल्या पेशी व लाळेतील प्रथिने यांचा थर बसतो. या थराखाली व हिरड्यांच्या खाचांत ऑक्सिजनावाचून जगणारे सूक्ष्मजंतू वाढतात आणि गंधकयुक्त ॲमिनो अम्लांचे अपघटन करून हायड्रोजन सल्फाइड व मिथिल मरकॅप्टन हे वायू निर्माण करतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा, तर दुसऱ्याचा कुजक्या कोबीसारखा असतो. पायोरिया, किडलेल्या दातांच्या पोकळ्या, रात्री न काढलेली कवळी आणि गिलायूंच्या (टॉन्सिलांच्या) खळग्यांत साचणारे पांढरे कण ही इतर स्थाने होत. दुर्गंधी नाकावाटे येत असेल, तर नाकालगतच्या वायुकोटरांचा शोथ (दाहयुक्त सूज) असण्याचा संभव असतो. फुप्फुसातील गळू, यकृताची वा वृक्कांची (मूत्रपिंडांची) अकार्यक्षमता आणि मधुमेहातील अम्लविषबाधा यांत श्वासाला विशिष्ट वास येतो. असे रुग्ण थोडे असले, तरी त्यांतील विलंब जिवावर बेतू शकतो.

कांदा व लसूण यांच्या वासाची गोष्ट वेगळी आहे. कारखान्यांच्या आधीपासून चाकणची ओळख कांद्याची बाजारपेठ म्हणून आहे आणि भाकरीबरोबर कच्चा कांदा हा येथील श्रमिकांचा नित्याचा आहार आहे. खाल्ल्याबरोबर येणारा वास तोंडातून असतो व चूळ भरल्याने तो बराच जातो. परंतु लसणातील एक गंधकयुक्त द्रव्य आतड्यात शोषले जाऊन रक्तात मिसळते आणि कित्येक तास फुप्फुसांवाटे बाहेर पडत राहते. कांद्याच्या बाबतीतही काही अंशी असेच घडते. त्या वेळी दात कितीही घासले तरी उपयोग होत नाही. जेवणाबरोबर दूध, कच्चे सफरचंद किंवा पुदिना घेतल्यास हा वास कमी होतो असे प्रयोगांत आढळले आहे. हा दोष निरुपद्रवी असून त्यासाठी कांदा सोडण्याचे कारण नाही.

औद्योगिक परिसरातील स्थिती : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा केंद्र सरकारचा औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत मोटारगाड्या, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने उभे राहिले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. पुणे-नाशिक मार्गावरील चाकणचा औद्योगिक विस्तार मुख्यत्वे त्यानंतरचा आहे. मोटार-उद्योगाला ओतकाम, घडाईकाम, धातूंवरील उष्णता-संस्करण व रंग वाळवण्याच्या भट्ट्या लागतात. अशा जागी कष्टाचे काम करणाऱ्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तहान लागते तेव्हा शरीरातील पाणी आधीच घटलेले असते, म्हणून तहानेची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे इष्ट असते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पिण्याच्या पाण्याची सोय बंधनकारक केली होती व २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात थंड पाणी पुरवावे असे म्हटले होते. पण पाण्याची सोय असणे व ते पिण्यास सवड असणे या भिन्न गोष्टी आहेत. यंत्र सोडून जाता येत नसेल किंवा स्वच्छतागृह दूर अथवा अस्वच्छ असेल, तर कामगार, विशेषतः स्त्रिया, हेतुपूर्वक पाणी कमी पितात. अशा कोरडीचा उपाय औषधाच्या दुकानात मिळणारा नव्हे.

धूळ आणि गोंगाट यांची त्यात भर पडते. धुळीने नाक चोंदते व तोंडाने श्वास घेतला जातो; यंत्रांच्या आवाजात मोठ्याने बोलावे लागते. मुखपट्टी बांधणाऱ्याला स्वतःच्या श्वासाचा वास प्रथमच जाणवतो. २०२० नंतरच्या कोव्हिडच्या साथीत हा अनुभव कारखान्याबाहेरील असंख्य लोकांनीही घेतला. मुखपट्टीने दुर्गंधी निर्माण होत नाही, ती केवळ ध्यानात येते.

रात्रपाळीचा परिणाम कमी लक्षात घेतला जातो. लालास्रावाला दिवसरात्रीची लय असते व ती एका आठवड्यात बदलत नाही. रात्रभर जागलेला कामगार लाळ कमी असण्याच्या वेळी गोड चहा पितो, झोप उडवण्यासाठी तंबाखूची चिमूट तोंडात धरतो आणि सकाळी घरी येऊन थकव्याने दात न घासताच झोपतो. ‘रात्री झोपताना दात घासावेत’ हा सर्वपरिचित उपदेश त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी नियम असा की, घड्याळात काहीही वाजले असोत, मुख्य झोपेपूर्वी दात व जीभ स्वच्छ करावी आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. चहामुळे शरीरातील पाणी फार कमी होते ही भीती अनाठायी आहे; अपाय होतो तो पुनःपुन्हा पोटात जाणाऱ्या साखरेने, आणि तोही दातांना.

मशेरी, तंबाखू व सुपारी : तव्यावर काळी पडेपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड म्हणजे मशेरी (मिसरी) होय. ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात. दात बळकट होतात, तोंडाचा वास जातो व शौचास साफ होते या समजुतीने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, ही चाल रुजली आणि कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर ती औद्योगिक वस्त्यांत आली. मशेरीने दातदुखी काही वेळ बधिर झाल्यासारखी वाटते, त्यामुळे तिची ख्याती टिकून राहते. प्रत्यक्षात तिच्यातील निकोटिनामुळे व्यसन जडते, हिरड्या मागे सरतात व दातांची मुळे उघडी पडतात. हिरड्यांतील रक्तप्रवाह आक्रसल्याने रक्त येण्याची खूण दबते आणि पायोरिया झाकला जातो. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत अर्थातच ती पोहोचू शकत नाही.

चुना लावून मळलेली तंबाखू गालात वा ओठाआड धरली असता सुरुवातीस लाळ सुटते, पण ती थुंकून टाकली जाते. तेथील अस्तर जाड व पांढरट होते आणि अशा चट्ट्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. सुपारीचा अपाय स्वतंत्र आहे. तंबाखूविरहित सुपारी निर्धोक असते, हा समज खोटा असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सुपारी हीच कर्करोगजनक ठरवली आहे. सुपारीतील ॲरेकोलिनामुळे गालाच्या अस्तराखाली तंतुमय ऊतक साचत जाते. प्रथम तिखटाने आग होते, तोंड कोरडे वाटते, मग गाल कडक होऊन तोंड पुरते उघडत नाही. या विकाराचे वर्णन मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले होते. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये शिरत नसतील, तर तपासणी करून घ्यावी. एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे नाहीसा होत नाही. सुपारी तत्काळ सोडल्यास तो वाढण्यास आळा बसतो. गुटखा या सुपारी व तंबाखू यांच्या सुगंधी मिश्रणावर महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली व पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारी यांचाही तीत समावेश केला. तोंडाला चांगला वास येतो, हेच या पुड्यांचे तरुणांना वाटणारे पहिले आकर्षण असते.

उपद्रव : लाळ कमी झाल्यावर दात हिरडीलगत व मुळांपाशी किडू लागतात, कोरडे अन्न गिळता येत नाही, चव बिघडते आणि कवळी टोचते. कँडिडा या यीस्टसदृश कवकाचा (बुरशीचा) संसर्ग होऊन जिभेवर व गालांवर दह्यासारखे पांढरे थर येतात किंवा जीभ लाल होऊन जळजळते. या कवकावरील उपचारांच्या इतिहासात पिंपरीला स्थान आहे. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समधील एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन हे कवकनाशक प्रतिजैव द्रव्य मिळवले. सूक्ष्मजीवाच्या नावात गावाचे आणि औषधाच्या नावात कारखान्याच्या आद्याक्षरांचे स्मरण राहिले आहे. त्यापूर्वी १९५० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ हेझेन व रेचल ब्राऊन यांनी शोधलेल्या निस्टॅटिनाचे नावही असेच न्यूयॉर्क राज्यावरून पडले होते. हॅमायसीन तोंडातील कँडिडा संसर्गावर लावण्यासाठी वापरले गेले. आता या कामी निस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल व फ्लुकोनॅझोल ही औषधे प्रामुख्याने योजतात. मात्र लाळेची उणीव तशीच राहिली, तर संसर्ग पुनःपुन्हा होतो.

निदान : दंतवैद्याचा आरसा गालाच्या अस्तराला चिकटत असेल, जिभेखाली लाळेचे तळे दिसत नसेल किंवा पाण्याच्या घोटाविना बिस्किट गिळता येत नसेल, तर मुखशोष खरा समजावा. पाच मिनिटे लाळ मोजपात्रात जमवून तिचे प्रमाण काढता येते. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे पाहणे व रक्तातील साखर मोजणे हे तपासणीचे आवश्यक भाग होत. दुर्गंधीसाठी गंधकयुक्त वायू मोजणारी उपकरणे आहेत, तरी प्रशिक्षित वैद्याने वास घेऊन केलेली परीक्षा अद्याप प्रमाण मानली जाते. घरच्या घरी जिभेचा मागील भाग चमच्याने हलके खरवडून मिनिटभराने त्याचा वास घेतल्यास कल्पना येते. स्वतःच्या दुर्गंधीबद्दल माणसाचा अंदाज बहुधा चुकतो. वास असूनही कित्येकांना तो कळत नाही, तर काहींना तो नसतानाही आहे असे वाटत राहते व ते लोकांत मिसळणे टाळतात. अशांना चुळांपेक्षा मानसोपचाराची गरज असते.

मुखशोषावरील उपाय : दिवसभर थोडेथोडे पाणी पिणे, नाकाने श्वास घेण्यातील अडथळा दूर करणे, तंबाखू व मद्य वर्ज्य करणे आणि ओठांना साधे व्हॅसलीन लावणे हे प्राथमिक उपाय होत. औषधामुळे कोरड पडत असल्यास ते आपल्या मनाने बंद न करता वैद्याकडून मात्रा वा औषध बदलून घ्यावे. ग्रंथींत काही शक्ती उरली असेल, तर चघळण्याने लाळ सुटते. साखरविरहित, शक्यतो झायलिटॉलयुक्त गोळी किंवा च्युइंगगम त्यासाठी उत्तम. खडीसाखर वा गोळ्या चघळण्याची सवय मात्र घातक आहे, कारण लाळेवाचून उघड्या पडलेल्या दातांना ती लवकर कीड लावते. आवळा, कोकम, लिंबू यांनी तोंडाला पाणी सुटते हे खरे. परंतु अम्लाने कवच झिजत असल्यामुळे त्यांचा वापर जेवणापुरता ठेवावा व नंतर चूळ भरावी. ग्रंथी निकामी झाल्या असतील, तर कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोजयुक्त कृत्रिम लाळ वापरतात. तिचा परिणाम थोडा वेळच टिकतो. पायलोकार्पीन हे दक्षिण अमेरिकेतील एका वनस्पतीपासून मिळणारे अल्कलॉइड ५ मिग्रॅ.च्या मात्रेत दिवसातून तीन वेळा दिल्यास उरलेल्या ग्रंथी चेतवल्या जातात. त्याने घाम फार येतो आणि दमा व विशिष्ट प्रकारची काचबिंदू यांत ते देता येत नाही. म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे. फ्ल्युओराइडयुक्त टूथपेस्ट अशा प्रत्येक रुग्णाने वापरली पाहिजे.

दुर्गंधीवरील उपाय : दंतवैद्याकडून किटण काढून घेणे, किडलेले दात भरणे व दोन दातांमधील फटी दोऱ्याने वा बारीक ब्रशाने साफ करणे याला पर्याय नाही. जिभेचा मागील भाग पोलादी किंवा तांब्याच्या पट्टीने दिवसातून एकदा, रक्त न येईल इतक्या हलक्या हाताने, मागून पुढे खरवडावा. पायोरिया नसलेल्या अनेकांत एवढ्यानेच वास पुष्कळ कमी होतो. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व तितकाच खाण्याचा सोडा घालून केलेल्या चुळा कोरड्या तोंडालाही मानवतात. जस्ताची लवणे असलेले द्रव गंधकाशी संयोग पावून वास कमी करतात. ०·२ टक्का क्लोरहेक्सिडीन प्रभावी आहे. पण दीर्घकाळ वापरल्यास दात तपकिरी पडतात व चव बिघडते, म्हणून ते साधारण दोन आठवड्यांपुरते वापरतात. मद्यार्कयुक्त द्रवांनी कोरड वाढू शकते. मुखदुर्गंधीला शास्त्रीय नाव देऊन तिची धास्ती घराघरांत पोहोचवण्याचे काम अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात लिस्टरीनच्या जाहिरातींनी केले. त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे तोच द्रव जंतुनाशक म्हणून विकला जात होता.

भारतीय वैद्यकातील उपाय : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात करंज, अर्जुन, रुई इत्यादींच्या काड्यांनी दात घासण्यास आणि सोने, रुपे, तांबे, कथिल किंवा पितळ यांच्या, धार नसलेल्या वाकड्या पट्टीने जीभ स्वच्छ करण्यास सांगितले आहे. दुर्गंधीचे मुख्य स्थान जीभ असल्याचे आधुनिक संशोधन पाहता हा उपदेश लक्षणीय ठरतो. तेलाचे गंडूष म्हणजे तोंड भरून तेल धरणे हे कंठशोष व ओठ फुटणे यांवर सांगितले असून कोरड्या अस्तराला स्निग्धता मिळते एवढे त्यातून निश्चित साधते. मुखशुद्धीसाठी जायफळ, लवंग, कंकोळ, कापूर, वेलदोडा व नागवेलीचे पान यांच्याबरोबर त्या ग्रंथात सुपारीही येते. तेथे परंपरेचा आधार घेता येणार नाही. तंबाखूचा उल्लेख त्यात असणे शक्यच नव्हते. ती पोर्तुगीजांबरोबर भारतात आली आणि अकबराच्या दरबारी असद बेगने १६०४–०५ च्या सुमारास नेली ती विजापूरहून. म्हणजे ‘वाडवडिलांची मशेरी’ ही तुलनेने अलीकडची चाल आहे.

तोंडातील चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत बरा न होणे, तोंड कमी उघडणे, दात अकारण हलणे, घाण वासाचा बेडका पडणे, तसेच कोरडीबरोबर फार तहान लागून वजन घटणे या लक्षणांत घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. पिंपरीतील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, तेथीलच डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय व विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरातील राज्य कामगार विमा रुग्णालय ही या परिसरातील तपासणीची ठिकाणे होत. रुग्णाने तेथे जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात आणि तपासणीच्या दिवशी लवंग, वेलदोडा किंवा सुगंधी द्रव वापरू नये.